भयपटांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना : पहिलं ‘प्ले’ दाबण्याआधीची तयारी

माळ्यावरची गोणी खाली येते. आतून ‘तहखाना’ नाहीतर ‘वीराना’ असं निळ्या पेनानं लिहिलेली व्हीएचएस कॅसेट निघते. मग कुणाकडून तरी व्हीसीआर मागून आणला जातो आणि ‘लागते का बघूया’ म्हणत कॅसेट आत ढकलली जाते. कोल्हापुरात माझ्याकडे आलेल्या ज्या कॅसेट वाचल्या नाहीत, त्यातल्या बहुतेक या ‘बघूया’नंच गेल्या. बुरशी टेप वाचणाऱ्या फिरत्या हेडवर जाऊन बसली, टेप रोलरभोवती गुंडाळली गेली आणि मशीन उघडेपर्यंत दहा-बारा फूट टेपची घडी झाली.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. जुन्या कॅसेटचं पहिलं प्ले हेच शेवटचं असू शकतं. ते दाबाल तेव्हा संगणकावर रेकॉर्डिंग सुरू असलं पाहिजे. पुढचे सगळे टप्पे त्या एका क्षणाच्या तयारीचे आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

‘यूट्यूबवर आहे की तो पिक्चर’ म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका. तिथल्या पुष्कळ प्रतींत चौकोनी चित्र वरून-खालून कापून आडवं केलेलं असतं, गाणी उडवलेली असतात, मारधाडीचे आणि भुताचे शॉट छाटलेले असतात. नाव असलेल्या निर्मात्यांचे पिक्चर कुठं ना कुठं मिळतात. छोट्या निर्मात्यानं दोन-तीन आठवड्यांत उरकलेला, एकदाच तालुक्याच्या टॉकीजला लागून गेलेला पिक्चर मात्र कदाचित तुमच्या गोणीतच उरलेला असतो.

टप्पा १ : हंगाम आणि सामान

जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका. आपल्याकडच्या पावसात हवेत इतका ओलावा असतो की साफ केलेली टेपसुद्धा गुंडाळता गुंडाळता दमट होते. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंतचे महिने चांगले. काम सुरू करण्याआधी कॅसेट आणि व्हीसीआर एकाच खोलीत पूर्ण एक दिवस ठेवा. गार खोलीतून दमट खोलीत आणलेल्या मशीनच्या ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या गोलावर) दव धरतं आणि टेप त्याला चिकटते.

इशारा : कुरडया-पापडासारखी कॅसेट गच्चीवर उन्हात घालू नका. उन्हानं डबी वाकते, टेपला लहरी पडतात, आणि लहरी पडलेली टेप पुन्हा सरळ होत नाही.

सामान फार लागत नाही. बारीक टोकाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा पुसायचं धागे न सुटणारं कापड (चार-पाच तुकडे), आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे अल्कोहोल मिळतं. औषधाच्या दुकानातलं जखमेवर लावायचं स्पिरिट घेऊ नका, त्यात पाणी जास्त असतं. गाडी पुसायच्या मऊ शामॉय कातड्याचा एक तुकडा हवा. चप्पल लाईनमधलं जाड कातडं इथं चालत नाही. पुरात भिजलेल्या कॅसेट असतील तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. बाटलीवरचं लेबल वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

एखाददुसरी चांगल्या स्थितीतली रिकामी कॅसेटही लागेल. तिची डबी आपल्याला वापरायची आहे.

टप्पा २ : तीन ढीग

कॅसेटच्या पुढच्या झाकणाशेजारी, बाजूला, एक छोटी कळ असते. ती दाबून झाकण उचला आणि टॉर्च मारा. नंतर वरच्या खिडकीतून दोन्ही रिळांवर तिरपा उजेड टाकून बघा.

टेप काळी-तपकिरी, गुळगुळीत, कडा एका पातळीत असतील तर ती पहिल्या ढिगात. रिळावर पांढरे-करडे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा पिठासारखी पूड दिसली तर ती बुरशी, म्हणजे दुसरा ढीग. खिडकीच्या आतून गाळाची रेघ दिसली, स्क्रू गंजलेले असले, हलवल्यावर आत वाळूसारखा आवाज आला तर ती पुरातली, तिसरा ढीग. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरच्या शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या बाजूला तळमजल्यावर असलेल्या कॅसेट जवळपास सगळ्या तिसऱ्या ढिगात जातात. वरून पुसल्यामुळं त्या स्वच्छ दिसतात, त्यावर जाऊ नका.

कडाही बघा. टेपच्या वरच्या कडेला साधा आवाज नोंदलेला असतो आणि खालच्या कडेला मशीनला वेग सांगणारा नियंत्रण-पट्टा. वरची कड चुरगळली असेल तर आवाज फाटेल, खालची चुरगळली असेल तर चित्र सारखं घसरेल. हे आधी लिहून ठेवलं की पुढं मशीनला दोष देत बसावं लागत नाही.

तपासून घ्या : कॅसेटच्या मागच्या कडेवरची प्लॅस्टिकची पाकळी मोडलेली आहे ना? नसेल तर मोडा. कुणी त्या खाचेवर सेलोटेप लावली असेल तर ती काढा. नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाईल आणि चुडैलीच्या जागी निळा पडदा येईल.

याच वेळी प्रत्येक कॅसेटचे चारही बाजूंनी फोटो काढा. लायब्ररीचा शिक्का, भाड्याची नोंद, वितरकाचा कागद, सगळं फोटोत यायला हवं. हातानं लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘पुरानी हवेली’ (१९८९) या दोन नावांची अदलाबदल मी स्वतः पाहिली आहे. नाव पडद्यावरच्या पाटीवरून ठरवायचं. तोवर कॅसेटला फक्त क्रमांक द्या.

टप्पा ३ : बुरशी आणि गाळ काढणे

पहिल्या ढिगाला हा टप्पा नाही. बाकीच्यांसाठी सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि जायलाच हवा.

बुरशीचं काम गॅलरीत किंवा गच्चीवरच्या सावलीत करा, मास्क लावून. घरात दमेकरी कुणी असेल तर हे काम घरात अजिबात नको. कॅसेट पालथी घालून खालचे पाच स्क्रू काढा, तसंच धरून सुलट करा आणि मग वरचं झाकण उचला. आतला एकही भाग हलवण्याआधी फोटो काढा. टेप कुठल्या खुंटीच्या आतून जाते आणि कुठल्या बाहेरून, हे नंतर आठवत नाही.

आता दोन्ही रिळं नव्या डबीच्या खालच्या भागात बसवा. कापडाची घडी टेपभोवती चिमटीत अलगद धरा, दुसऱ्या हातानं रीळ फिरवा आणि टेप एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. कापड कोरडंच. दर पाच-सहा मिनिटांनी कापडाची नवी बाजू घ्या. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५० मीटर टेप असते. एका बैठकीत होणार नाही, आणि घाई केली की ताण कमी-जास्त होऊन टेपचे थर एकमेकांवर चढतात. काम झाल्यावर जुनी डबी धुवून वापरण्याचा मोह टाळा. तिच्या कोपऱ्यातली बुरशी पुढच्या पावसाळ्यात परत येते.

पुरातल्या कॅसेटचं वेगळं आहे. वाळलेला गाळ सँडपेपरसारखा असतो. कोरड्या कापडानं ओढला तर तो टेपवर रेघा मारतो, म्हणून आधी पाणी. डबीतून काढलेली रिळं डिस्टिल्ड वॉटरच्या पसरट भांड्यात ठेवून हळू हलवा, पाणी गढूळ झालं की बदला. साबण नाही, नळाचं पाणी नाही, ब्रश नाही. पाणी स्वच्छ राहायला लागलं की रिळं कडेवर उभी करून पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत वरून वाळल्यासारखी वाटतात, पण आतल्या थरांत पाणी असतं. मी किमान दोन आठवडे थांबतो. मगच कापडातून हातानं गुंडाळायला घेतो.

२०१९च्या पुरानंतर मामांच्या बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतल्या सात कॅसेट मी हेअर ड्रायरनं वाळवल्या होत्या. दोन तासांत वाळल्या, आणि सातही लाटांसारख्या वाकड्या झाल्या. त्यातल्या एका पिक्चरची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही.

इशारा : गुंडाळताना थर सुटत नसतील, ‘चर्र’ असा आवाज येत असेल किंवा कापडावर तपकिरी पूड येत असेल तर तिथंच थांबा. ती पूड म्हणजेच चित्र. अशी कॅसेट ओढून सोडवायची नाही, चुंबकीय टेपच्या जतनाचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्यायची.

टप्पा ४ : व्हीसीआर तयार करणे

व्हीसीआर नवा मिळत नाही, त्यामुळं दुरुस्तीवाल्याकडचा जुना घ्यावा लागतो. घेताना फक्त चित्र दिसतं का एवढं बघू नका. पुढं-मागं पूर्ण गुंडाळतो का, कॅसेट बाहेर देताना टेप ओढत नाही ना, हे तुमच्याजवळच्या टाकाऊ कॅसेटवर बघा. टाकाऊ म्हणजे खरंच टाकाऊ. कुणाच्या लग्नाची कॅसेट चाचणीला वापरू नका.

घरी आणल्यावर वायर काढा आणि वरचा पत्रा उघडा. चकचकीत तिरपा ड्रम दिसेल. पॅल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि केसाएवढी बारीक हेड त्यावर बसवलेली असतात. शामॉयचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रम वरून सावकाश फिरवा. कातडं आडवंच राहिलं पाहिजे. वर-खाली घासलं की हेड तुटतं आणि मशीन संपतं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या हेडला कधीच लावायच्या नाहीत, कापसाचा धागा हेडमध्ये अडकतो. टेपच्या वाटेवरच्या बाकी खुंट्यांना त्या चालतात. रबरी रोलर मात्र अल्कोहोलनं कडक होतो. तो ओलसर कापडानं पुसा.

अर्धा तास वाळू द्या. पत्रा उघडा ठेवून मशीन चालवून बघायचं असेल तर खोलीतला झगझगीत दिवा बंद करा. टेपचं टोक आलं हे मशीन उजेडावरून ओळखतं. टोकाचा भाग पारदर्शक असतो तो त्यासाठीच. बाहेरचा प्रकाश पडला की मशीन मध्येच थांबतं आणि आपण ते बिघडलं असं समजतो.

टप्पा ५ : जोडणी आणि मांडणी

घरगुती व्हीसीआरमधून पिवळी वायर चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. अँटेनाच्या वायरीतून चित्र घेऊ नका, ते आणखी खराब होतं. चित्राच्या आणि आवाजाच्या वायरी एकाच कॅप्चर उपकरणात (व्हीसीआरमधलं चित्र-आवाज संगणकात उतरवणाऱ्या) गेल्या पाहिजेत. चित्र उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून घेतला की अर्ध्या तासात किंकाळी आधी आणि तोंड नंतर उघडतं.

मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडता आला तर जरूर जोडा. त्यातले काही थरथरणारी चित्राची वरची कड बरीच सरळ करून पुढं देतात.

संगणकावर पॅल निवडा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आवाज ४८ किलोहर्ट्झ. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली कॅसेट असेल तर ती अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची नाही ना, हे लेबलवर बघा. नोंदणी थेट एमपी-४ मध्ये करू नका. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही-१ सारख्या काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात करा. हफवाययूव्हीला तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, म्हणजे एका पिक्चरला ७० ते ८० जीबी मोकळी हवी. डिस्क आधी रिकामी करा.

या पिक्चरांसाठी महत्त्वाची मांडणी काळ्या रंगाची. निम्मा पिक्चर रात्री हवेलीत, तळघरात नाहीतर स्मशानात घडतो. त्यातली पुष्कळ ‘रात्र’ भर दिवसा निळी काच लावून घेतलेली असते. उपकरणाचा ब्राइटनेस जरा खाली असला की झाडामागचा सैतान काळ्यात विरघळतो, आणि नोंदणीत जे काळं झालं ते नंतर परत येत नाही. चाचणी-कॅसेटवरचा एखादा अंधारा प्रसंग लावून ब्राइटनेस एवढा ठेवा की काळा रंग किंचित करडा दिसेल. आपोआप उजेड जुळवण्याची सोय असेल तर ती बंद करा. विजेच्या प्रत्येक लखलखाटाला ती चित्र पुढं-मागं करत राहते.

तपासून घ्या : चाचणी-कॅसेट सलग अर्धा तास नोंदवा. गळालेल्या चौकटींची संख्या शून्य आहे का? शेवटच्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय खरी कॅसेट हातात घ्यायची नाही.

टप्पा ६ : ती एक फेरी

यूपीएस लावा. वीज अर्ध्या सेकंदासाठी गेली तरी टेप ड्रमभोवती अडकून राहते.

पहिल्या ढिगातली कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळून घ्या, त्यानं ताण सारखा होतो. हातानं गुंडाळलेल्यांना याची गरज नाही. मग संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करा, आणि त्यानंतर प्ले.

पहिल्या दोन मिनिटांत ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या नोंदीवर नेमकं आणायची सोय) जुळवा. गोंगाटाची, म्हणजे चित्रातल्या ठिपक्या-रेघांची, पट्टी पडद्याबाहेर गेली की हात काढा. एकाच कॅसेटवर दोन पिक्चर असतील तर ते बहुधा निम्म्या वेगाच्या एलपीत भरलेले असतात. त्यासाठी एलपी चालवणारंच मशीन लागतं. १९९३ पासूनच्या ‘झी हॉरर शो’चे टीव्हीवरून भरलेले भाग असतील तर एलपी नक्की तपासा.

उठून जाऊ नका. चित्रावर अचानक बर्फ पडू लागला तर हेड तुंबलं. थांबवा, कॅसेट बाहेर काढा, हेड साफ करा, मिनिटभर मागं जाऊन नवी फाइल सुरू करा. पॉज दाबून ठेवायचं नाही, कारण फिरतं हेड टेपची तीच जागा घासत राहतं. चित्र ठरावीक लयीत उजळ-मंद होत असेल तर तो बहुधा विकतच्या कॅसेटवरचा कॉपी रोखणारा सिग्नल. टेप बिघडलेली नसते, ती पुन्हा साफ करत बसू नका.

लाल रंग उजवीकडं सांडल्यासारखा दिसेल. व्हीएचएसमध्ये रंग चित्रापेक्षा कितीतरी ढोबळ नोंदला जातो, म्हणून रक्त आणि लाल दिव्याचे प्रसंग असे पसरतात. त्यासाठी काही फिरवू नका.

खालून सरकणारी जाहिरातीची पट्टी, मध्येच येणारी साडीच्या दुकानाची जाहिरात, मध्यंतराची पाटी, हे सगळं नोंदलं गेलं पाहिजे. ती कॅसेट कुठल्या हातातून गेली याचा एवढाच पुरावा उरलेला असतो.

टप्पा ७ : पिक्चर पुरा आहे का?

इथं भले भले चुकतात. इंटरनेटवर १४२ मिनिटं लिहिलंय, माझ्याकडं १३६ भरली, म्हणजे सहा मिनिटं कापली, असं धरून चालतात. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि पॅल व्हिडिओ २५ नं. त्यामुळं कॅसेटवर तो ४ टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. १४२ चे १३६ होतातच.

त्याहून पक्का हिशोब सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून होतो. ते सुरुवातीला नोंदलेलं असेल तर तिथं थांबवून (फाइलवर, कॅसेटवर नव्हे) लांबी मीटरमध्ये वाचा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. ३९०० मीटर असेल तर १४२ मिनिटं, कॅसेटवर जवळपास १३६. जाहिराती वगळून यापेक्षा बरंच कमी भरलं तर कापलंय. जास्त भरलं तर कुणीतरी मधे दुसऱ्याच पिक्चरचा तुकडा, म्हणजे कटपीस, घातलाय. त्या काळी टॉकीजमध्ये तसं चालायचंच. जिथं चित्राचा पोत आणि माणसं एकदम बदलतात ती वेळ टिपून ठेवा, पण मूळ फाइलमधून काढू नका.

टप्पा ८ : बघायची प्रत

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिच्यावरून वेगळी एमपी-४ प्रत करा.

व्हिडिओत एक चौकट दोन अर्ध्या चित्रांत येते, सम ओळींचं आणि विषम ओळींचं. फिल्मवरून आलेल्या चित्रात ही दोन्ही अर्धी एकाच क्षणाची असतात. म्हणून सवयीनं डीइंटरलेसचं (ही अर्धी वेगळी करून मधल्या ओळी भरून काढणारं) बटण दाबलं की निम्मा तपशील फुकट जातो. हालचालीच्या प्रसंगात चौकट थांबवून बघा. कंगव्यासारखे दात दिसत नसतील तर डीइंटरलेस करूच नका. सगळीकडं दात दिसत असतील तर एक अर्ध पुढं सरकलंय, ते परत जुळवायचं. व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या कार्यक्रमालाच खरं डीइंटरलेस लागतं.

प्रमाण ४:३ ठेवा. टीव्ही भरून दिसावा म्हणून आडवं ताणलं की भूत बुटकं होतं. गोंगाट काढणारी सोय जपून वापरा. अंधाऱ्या प्रसंगात ती धुकं, मुखवट्याच्या सुरकुत्या आणि गोंगाट यांत फरक करत नाही, सगळंच मेणासारखं गुळगुळीत करते.

टप्पा ९ : ठेवायचं कुठं, द्यायचं कुणाला

मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमचं घर पुराच्या रेषेत असेल तर दुसरी डिस्क रेषेबाहेरच्या नातेवाइकाकडं द्या. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

कॅसेट पूर्ण मागं गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. स्पीकरजवळ नाही, तळमजल्यावर नाही, ओल येणाऱ्या भिंतीला लागून नाही.

पूर्ण पिक्चर इंटरनेटवर चढवू नका. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. १९८४ च्या पिक्चरचा २०४४ संपेपर्यंत. कुठंच न सापडणारा पिक्चर हाती लागला असं वाटलं तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून विचारा. पत्रात पाटीवरचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, मीटरमधली लांबी आणि कॅसेटचे फोटो द्या. फाइल ते मागतील तेव्हा पाठवा.

दरवर्षी दिवाळीनंतर डिस्क जोडून चेकसम पडताळा आणि डब्यातलं सिलिका जेल बघा. निळ्याचं गुलाबी झालं असेल तर बदला, आणि त्या डब्यातली प्रत्येक कॅसेट झाकण उचलून टॉर्चच्या उजेडात पुन्हा एकदा तपासा.